जंगलातल्या अनोळखी नदीवर कयाक मोहीम : नवख्यांसाठी वाटाड्या

धबधब्यावरून झेपावणारी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एका माणसाची निमुळती होडी, व्हिडिओत दोन सेकंद दिसते. त्याआधी कुणीतरी तासभर कड्यावर उभं राहून पाणी न्याहाळलेलं असतं, खाली दोघं जण दोर घेऊन बसलेले असतात, आणि आदला अख्खा दिवस पाणी चढलंय म्हणून सगळे झोळ्यांत पडून राहिलेले असतात. रस्त्यापासून लांब, उष्ण कटिबंधातल्या, फारशी माहिती नसलेल्या नदीवर पहिल्यांदा जायचं मनात असेल, तर ही तयारी पायरीपायरीने समजून घ्यायला हवी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढे ती पुन्हापुन्हा येईल: मोहिमेतला सगळ्यात किमती ऐवज म्हणजे हाताशी राखलेला वेळ. ज्यांच्याकडे दोन दिवसांचा जादा शिधा आहे ते पाणी ओसरायची वाट पाहतात. ज्यांचं विमान परवा आहे ते ‘जमेल रे’ म्हणत उतरतात.

पायरी १ : आधी ओळखीच्या पाण्यात पक्के व्हा

रॅपिड्सची, म्हणजे खडकांतून फेसाळत धावणाऱ्या पाण्याच्या पट्ट्यांची, १ ते ६ अशी श्रेणी जगभर वापरतात. १ म्हणजे हलक्या लाटा. ३ला वळणं घेत जावं लागतं. ४ला पाणी जोरकस असतं आणि वल्हं अचूक पडावं लागतं. ५ला चूक जिवावर बेतू शकते, आणि ६ म्हणजे जवळपास अशक्य. दुर्गम भागात ही श्रेणी मनातल्या मनात एकने वाढवून धरायची, कारण खांदा निखळला तर दवाखाना दोन दिवसांच्या चालीवर असतो. ओळखीच्या नदीवर चौथ्या श्रेणीत तुम्ही निवांत असाल, तर पहिल्या मोहिमेला तिसऱ्या श्रेणीची नदी घ्या. हे ऐकून बऱ्याच जणांची तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं, दोन्ही बाजूंनी आला पाहिजे, आणि तोही दमल्यावर, फेसाळ पाण्यात, नाकातोंडात पाणी गेलेलं असताना. संथ डोहातला रोल हिशेबात धरू नका. खडकामागे पाणी उलटं फिरून संथ होतं, त्याला एडी म्हणतात. एका एडीतून दुसऱ्या एडीत, हव्या त्या क्षणी, हव्या त्या बाजूने शिरता आलं पाहिजे. अनोळखी नदीवर एडी म्हणजे तुमचा ब्रेक. तो लागत नसेल तर बाकी सगळं कौशल्य वाया.

पोहण्याचाही सराव करा, म्हणजे कयाक सोडून वेगवान पाण्यात. दोन नियम अंगवळणी पडले पाहिजेत. पहिला, गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर उभं राहायला जायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की पाणी पाठीवर रेटतं आणि माणूस कमरेइतक्या पाण्यात बुडतो. दुसरा, कयाकमध्ये असताना खडकावर आपटायची वेळ आली तर खडकाकडे झुकायचं. अंग आपोआप उलट्या बाजूला कलतं आणि तसं कललं की कयाक प्रवाह येतो त्या बाजूला उलटते.

याखेरीज वेगवान पाण्यातल्या बचावाचा कोर्स आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा कोर्स, हे दोन्ही चमूतल्या प्रत्येकाने केलेले असावेत. ‘एकाला येतं ना’ हे चालत नाही. नेमका तोच एक जण पाण्यात असू शकतो.

उष्ण कटिबंधी नदीची पहिली चव घ्यायला कोस्टा रिकातली पाकुआरे बरी. साधारण ३ ते ४ श्रेणीचे रॅपिड्स, दोन्ही काठांना घनदाट जंगल, आणि तिथे वर्षानुवर्षं राफ्ट उतरतात म्हणून मदत जवळ असते. मोहिमेचं सामान भरलेली कयाक अशाच एखाद्या नदीवर आधी चालवून बघा. रिकाम्या आणि भरलेल्या कयाकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पायरी २ : घरी बसून नदी वाचा

निम्मी मोहीम इथे ठरते. उपग्रहचित्रं उघडा आणि नदीच्या पात्राने खालून वर सरकत जा. दर किलोमीटरला उंची किती घटते ते कागदावर मांडा. ढोबळ मानाने किलोमीटरला १० मीटरपर्यंतचा उतार पहिल्या मोहिमेला पुरे. २०च्या आसपास गेलात की रॅपिड्सना खंड नसतो. ४०च्या पुढे पात्राचा जिनाच होतो.

पण सरासरीवर विसंबू नका. किलोमीटरला ३० मीटर म्हणजे सलग उताराचं पाणी असू शकतं, नाहीतर किलोमीटरभर संथ पाणी आणि शेवटी एकच ३० मीटरचा कडा. नकाशा हे सांगेलच असं नाही. फुकट मिळणारी उंचीची बरीचशी माहिती फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवर बेतलेली आहे. त्यातला एक चौकोन सुमारे ३० मीटरचा, त्यामुळे १५ मीटर रुंदीची घळ त्यात हरवून जाते. शिवाय दाट जंगलात रडार जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांच्या आसपासची उंची नोंदवतं. चित्रात पात्रावर पांढरा ठिपका दिसला की तो फेस. ठिपक्याखाली गडद गोल दिसला तर तो डोह. आणि पाणी एकाएकी दिसेनासं झालं तर तिथे घळ आहे असं धरून चला. वेगवेगळ्या तारखांची चित्रं शेजारी ठेवा, कमीजास्त पाण्यात पात्र कसं बदलतं ते कळतं.

खडक कोणता, हेही बघा. बेसॉल्टमध्ये धबधबे सरळसोट आणि खाली खोल डोह असण्याची शक्यता बरी असते, पण पडत्या पाण्याच्या पडद्यामागे पाण्याने कोरलेली कपार असते आणि ती कयाकसकट माणूस आत ओढू शकते. चुनखडीचा प्रदेश असेल तर नवख्यांनी सरळ दुसरी नदी शोधावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पाणी दगडांखालून वाट काढतं, काही ठिकाणी अख्खी नदी जमिनीखाली जाते आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही. मोठमोठे धोंडे रचल्यासारखे पडलेल्या घळीत सीव्हचा धोका असतो: पाणी धोंड्यांच्या फटींतून गाळून जातं, माणूस जात नाही.

मग नकाशावर सुटकेच्या वाटा लाल रंगाने मांडा. कुठून काठ चढून वर येता येईल, जवळची पायवाट कुठे, गाव कुठे, हेलिकॉप्टर उतरेल अशी वाळूची पट्टी कुठे. दोन लाल खुणांमध्ये एका दिवसात पार होणार नाही इतकं अंतर असेल, तर तो टप्पा तुमच्या पहिल्या मोहिमेचा नव्हे.

जुनी वर्णनं वाचा, पण तारीख पाहून. युगांडात जिंजाजवळच्या व्हाइट नाइलवरचे बुजागालीचे प्रसिद्ध रॅपिड्स २०१२मध्ये सुरू झालेल्या धरणाखाली गेले. आणखी खालच्या इसिंबा धरणाने २०१९मध्ये आणखी एक पट्टा गिळला. छापील मार्गदर्शिकेतला उत्तम रॅपिड आज सरोवराच्या तळाशी असू शकतो. उलट, वर वीजनिर्मितीचं धरण असेल तर निरभ्र दिवशीही अचानक पाणी सुटतं. त्याच्या वेळा कुणाला ठाऊक असतात ते शोधून काढा.

पायरी ३ : हंगाम नेमका धरा

पावसाळा संपता संपता, पाणी उतरणीला लागलेलं असताना जाणं बहुतेक ठिकाणी शहाणपणाचं. ऐन पावसात पूर आणि ऐन कोरड्यात नुसते धोंडे. पण मोठ्या आणि छोट्या नद्यांचं घड्याळ वेगळं चालतं. झांबेझीचं खोरं इतकं विस्तीर्ण आहे आणि वाटेत इतकी पूरमैदानं आहेत की पाऊस मार्चमध्ये आटोपला तरी व्हिक्टोरिया धबधब्यावर पाणी एप्रिलच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं. त्यामुळे खालच्या बाटोका घळीत कमी पाण्याचा हंगाम साधारण ऑगस्टपासून पुढे येतो. याउलट डोंगरातला छोटा ओढा वर पाऊस पडल्यावर तासाभरात अंगावर येतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा उतरलेला असतो. अँडीजच्या पूर्व उतारावर, एक्वादोरच्या तेनाकडे, पाऊस वर्षभर पडतो. तिथे हंगामाइतकंच रोजच्या आभाळाकडे बघावं लागतं.

काठावर पोहोचलात की पाणी किती वाहतंय ते मोजायला शिका. पात्राची रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार करायचा. वेगासाठी दहा मीटर अंतर आखून एक ओंडका सोडायचा आणि सेकंद मोजायचे. पृष्ठभागावरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात धावतं म्हणून उत्तराला ०.८५ने गुणायचं. १२ मीटर रुंद, १ मीटर खोल आणि सेकंदाला २ मीटर वेग असेल तर सेकंदाला सुमारे २० घनमीटर पाणी. आकडा अचूक नसला तरी चालतो. रोज त्याच पद्धतीने मोजलं की फरक कळतो, आणि फरकच महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे डोक्यात पक्कं असू द्या.

पायरी ४ : सोबती आणि स्थानिक

चार ते सहा जण ठीक. तिघांत एकाला दुखापत झाली की एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दुसऱ्याला मदतीसाठी एकट्याने जावं लागतं. आठ-दहा झाले की प्रत्येक धबधब्यापाशी संध्याकाळ होते. निघण्याआधी एक गोष्ट तोंडाने बोलून ठरवा: कुणीही एकाने ‘नको’ म्हटलं तर त्याला कारण विचारायचं नाही. चेष्टा तर मुळीच नाही.

नदीकाठच्या लोकांची परवानगी काढायची, सरकारी कागद हातात असला तरी. पापुआ न्यू गिनीसारख्या ठिकाणी बहुतेक जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची आहे आणि न विचारता उतरणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं. विचारायला गेलात तर फायदाही तुमचाच. धबधबे कुठे आहेत, मासे धरायला कुठवर जाता येतं, मागचा मोठा पूर कुठल्या झाडापर्यंत आला होता, हे तिथली म्हातारी माणसं जागेवर बसून सांगतात. फक्त ‘कयाकने जाता येईल का’ हे त्यांना विचारू नका. कयाक न पाहिलेला माणूस पाहुण्याचं मन राखायला ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘पाणी किती उंचीवरून पडतं, झाडाएवढं की घराएवढं?’ असं विचारा.

पायरी ५ : सामान

कयाक म्हणजे क्रीक बोट: जाड पॉलिथिलीनची, फुगीर, साधारण ३०० लिटर किंवा थोडं जास्त आकारमान, रिकामी वीसएक किलोची. शिधा, झोळी, ताडपत्री, दोर भरले की ती पस्तीशी गाठते. जड सामान आसनालगत, तळाशी, आणि हलणार नाही असं घट्ट बांधा. मागच्या टोकाला वजन गेलं तर पुढचं नाक वर राहतं आणि प्रत्येक होलमध्ये, म्हणजे पडत्या पाण्याखाली उलट फिरणाऱ्या पाण्यात, कयाक मागे खेचली जाते.

प्रत्येकाच्या अंगावर: हेल्मेट, खेचताच सुटणारा बचाव पट्टा असलेलं लाइफ जॅकेट, शिट्टी, चाकू, आणि १५ ते २० मीटर तरंगत्या दोराची थ्रो बॅग. ती बॅग कयाकमध्ये ठेवून काठावर फिरणारा माणूस मोहिमेच्या काही कामाचा नाही. खिशात लाइटर, दोन कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), शिधा म्हणून काहीतरी आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. कयाक वाहून गेली तरी रात्र काढता आली पाहिजे.

चमूत मिळून: सुटे भाग जोडून होणारी दोन वल्ही, पुली, न ताणणारा लांब दोर, घडीची करवत, कोयता, कयाकचा तडा बुजवायचं सामान, औषधं, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. काही देशांत परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, आधी चौकशी करा. आणि संदेश कुणाला जाणार, तो माणूस पुढे काय करणार, विम्यात हेलिकॉप्टरचा खर्च आहे का, हे लेखी ठरलेलं नसेल तर ते यंत्र नुसतं लुकलुकत राहील.

शिधा एका माणसाला दिवसाला ६०० ते ८०० ग्रॅम कोरडा धरा. ठरलेल्या दिवसांवर किमान दोन दिवस जास्तीचे. वजन वाढतं म्हणून हेच दोन दिवस सगळ्यात आधी कापले जातात. त्याऐवजी कॅमेऱ्याची जादा लेन्स काढा.

पायरी ६ : पाण्यावरची शिस्त

विषुववृत्ताजवळ दिवस जेमतेम बारा तासांचा, संधिप्रकाश नावालाच, आणि घळीत त्याहून आधी अंधारतं. दुपारनंतर आभाळ फाटण्याची सवय बऱ्याच प्रदेशांना असते. म्हणून उजाडताच निघायचं आणि दुपारी दोन-तीनलाच मुक्कामाची जागा शोधायला लागायचं. अनोळखी घळीत दिवसभरात दोन-तीन किलोमीटर झाले तरी दिवस सत्कारणी लागला समजा.

साधा नियम: पुढची एडी दिसत असेल आणि ती पकडता येणार असेल, तरच आहे ती एडी सोडायची. नसेल दिसत, तर उतरून काठाने बघून यायचं. याला स्काउटिंग म्हणतात. पाणी क्षितिजासारखं आडव्या रेषेत संपलेलं दिसलं, रेषेपलीकडून तुषार उडत असले किंवा पलीकडच्या झाडांचे फक्त शेंडे दिसत असले, तर वाद न घालता काठाला या.

जंगलातल्या नदीत धबधब्यापेक्षा झाडं जास्त छळतात. प्रत्येक पुरात नवी झाडं पडतात आणि पात्रात आडवी होतात. फांद्यांतून पाणी जातं, तुम्ही अडकता. गेल्या वर्षीचं वर्णन, एवढंच काय गेल्या आठवड्याचं वर्णनही यात कामाला येत नाही. पोहत असताना झाड टळणारच नसेल तर पालथे होऊन त्याच्याकडे जोरात पोहत जा आणि अंग झाडावर फेका. खालून जायचा विचारही नको.

गर्जनेत आवाज ऐकू येत नाही म्हणून खुणा ठरलेल्या हव्यात. वल्हं उभं धरलं तर ‘या’. आडवं धरलं तर ‘थांबा’. बोट किंवा वल्हं नेहमी सुरक्षित वाटेकडे दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही. स्वतःच्या डोक्यावर थोपटलं तर ‘मी ठीक आहे’. शिट्टी एकदा म्हणजे लक्ष द्या, तीनदा म्हणजे संकट.

पायरी ७ : धबधबा

२००९च्या मार्चमध्ये ब्राझीलच्या पेद्रू ओलिव्हाने माटो ग्रोसो राज्यातल्या साल्तो बेलो धबधब्यावरून, म्हणजे सुमारे ३९ मीटरवरून कयाक टाकली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत टायलर ब्रॅटने पलूसचा सुमारे ५७ मीटरचा धबधबा केला. हे आकडे कौतुकाने वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. तुमच्या कामाचं गणित वेगळं आहे: ५ मीटरवरून पडताना पाण्याशी गाठ पडते ती ताशी सुमारे ३६ किलोमीटरने, १० मीटरवरून ५०ने, २० मीटरवरून ७१ने. खाली फेसाळ पाणी असेल तर ते हवेमुळे मऊ असतं. हिरवंगार, स्तब्ध पाणी असेल तर ते फरशीसारखं लागतं आणि मणका दबून मोडू शकतो.

बघताना खालून वर बघा. आधी धबधब्याच्या पुढे काय आहे? शंभर मीटरवर दुसरा धबधबा किंवा सीव्ह असेल तर पहिला कितीही देखणा असो, विषय संपला. मग डोह. खोली किती? एक जाड ओंडका वरून नेमक्या तुमच्या वाटेने सोडा. तो कुठे बुडतो, किती वेळाने वर येतो आणि वर आल्यावर कुणीकडे जातो ते तिघांनी तीन जागांवरून बघायचं. ओंडका पडद्याकडे परत जाऊन घुटमळत राहिला तर तुम्हीही तेच कराल. डोहात पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतं, ती उकळीची रेषा शोधा. रेषेच्या अलीकडचं पाणी पडद्याकडे परत वाहतं, पलीकडचं खाली जातं. रेषा पडद्याच्या जवळ असेल तर बरं. चार-पाच मीटर लांब असेल तर ते होल माणसाला धरून ठेवणारं आहे. होलची टोकं प्रवाहाच्या दिशेने वळलेली असतील तर कडेने सुटता येतं. टोकं वर, उगमाकडे वळलेली असतील तर ती तुम्हाला पुन्हा मध्ये आणून सोडतात.

त्यानंतर पडदा: मध्ये कुठे कातळाचं टोक बाहेर आलंय का, मागे कपार आहे का. सगळ्यात शेवटी ओठ, म्हणजे जिथून पाणी सुटतं ती कड. वरून कयाकमध्ये बसल्यावर ही कड पूर्ण वेगळी दिसते. म्हणून काठावरून एखादी खूण पक्की करा, एक काळा दगड, एक फुटणारी लाट. ‘त्या लाटेच्या डाव्या खांद्यावर शेवटचं वल्हं’ इतकं नेमकं ठरलं पाहिजे.

लहान उडीसाठी बूफ शिका. कडेपाशी कयाकला थोडा आडवा कोन द्यायचा, वल्ह्याचं पातं कडेच्या पलीकडे रोवून लांब ओढ घ्यायची, त्याच वेळी कंबर पुढे ढकलून गुडघे वर खेचायचे. नाक वर राहतं आणि कयाक होलच्या पुढे जाऊन सपाट पडते. पडता पडता छाती पुढे आणायची. मागे झुकून पडलात तर सगळा धक्का कण्याला. नवख्यांची घाई ठरलेली असते: ओढ कडेच्या अर्धा मीटर आधीच मारून मोकळे होतात आणि नाक खाली जातं. भरलेल्या कयाकमध्ये ही ओढ किंचित लवकर सुरू होऊन जास्त वेळ चालते, म्हणूनच आधीचा तो सराव.

उंची पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की सपाट पडणं धोक्याचं होत जातं. तिथे नाक खाली घालून, अंग डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या बाजूवर, घट्ट मुडपून, डोकं एका बाजूला वळवून, वल्हं कयाकला समांतर धरून पाण्यात शिरायचं असतं. तोंड डेककडे ठेवलं तर नाक फुटतं, वल्हं डोक्यावर राहिलं तर खांदा निखळतो. पहिल्या मोहिमेत अशी उडी घेऊ नये. खाली दोर घेऊन उभं राहा आणि जाणकारांचं पाणी बघा. तिथे उभं राहून जे कळतं ते वरून कळत नाही.

पहिला माणूस सुटण्याआधी खाली बचावाची माणसं जागेवर हवीत. एक दोर घेऊन काठावर, एक कयाकमध्ये एडीत, आणि जमलं तर एक जण पट्ट्याला दोर बांधून पाण्यात उडी घ्यायच्या तयारीत.

पायरी ८ : वळसा

कयाक खांद्यावर घेऊन काठाने जाणं, म्हणजे पोर्टेज, हा दुर्गम नदीवरचा रोजचा उद्योग आहे. जंगलात शंभर मीटरला दोन तास लागू शकतात. आधी रिकाम्या हाताने वाट पाहून या, मग कोयत्याने पुरेशी वाट काढा, मग कयाक आणा. आधाराला फांदी धरण्यापूर्वी तिच्यावर काटे, मुंग्या, गांधीलमाशांचं पोळं नाही ना ते बघा. पूर्ण बाह्या आणि पातळ हातमोजे घाला. चढावर कयाक ओढायला पुली आणि उतारावर सोडायला दोराचा वेढा झाडाला. कयाकच्या खाली कुणी उभं राहायचं नाही. शक्यतो अंगात ताकद असताना, सकाळच्या वेळातच लांब वळसे उरका. संध्याकाळी दमलेला माणूस वळसा टाळायला नको ते पाणी चालवायला तयार होतो.

पायरी ९ : मुक्काम

वाळूची पट्टी मोहक असते, आणि ती पुराने आणून टाकलेली असते. झाडांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा दिसतो का बघा, मागचं पाणी तिथवर होतं. त्याच्या वर जागा मिळत नसेल तर पुढे चला. तंबूपेक्षा झोळी, वर ताडपत्री आणि मच्छरदाणी बरी, उतारावरही टांगता येते. पण टांगण्याआधी वर बघा: वाळलेली जड फांदी डोक्यावर नको.

पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखू येईल असा दगड ठेवा आणि मग बाकीची कामं करा. चूल पेटेपर्यंत दगड बुडाला असेल तर पाणी चढतंय. रात्री उठाल तेव्हा बॅटरीने तो दगड बघायचाच. पाण्याचा रंग मातकट झाला, काड्या आणि ओली पानं वाहून येऊ लागली, आवाज जाडसर झाला, तर कयाक आणखी वर उचला आणि झाडाला बांधा. सकाळी पाणी चढलेलं असेल तर जादा शिध्याचा दिवस नेमका यासाठी आहे. झोळीत पडून राहा.

ओले कपडे निराळे, झोपायचे कोरडे कपडे निराळे, आणि ही फारकत कितीही कंटाळा आला तरी मोडायची नाही. पाय रात्री पूर्ण कोरडे झाले नाहीत तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळव्याची साल निघू लागते. उष्ण प्रदेश म्हणून थंडी वाजणार नाही असंही नाही. दिवसभर ओलं राहून पाऊस आणि वारा लागला की माणूस थरथरायला लागतो आणि त्याचं डोकं नीट चालेनासं होतं.

पायरी १० : जनावरं आणि ताप

मगरी आणि पाणघोडे असलेल्या नद्या नवख्यांनी टाळाव्यात. हेंड्री कुट्झी हा आफ्रिकेतल्या नद्यांचा मुरलेला जाणकार. २०१०च्या डिसेंबरात काँगोतल्या लुकुगा नदीवर दोन साथीदारांच्या अगदी जवळून वल्हवत असताना मगरीने त्याला कयाकमधून ओढून नेलं. मगरींचा धोका संथ पट्ट्यांत जास्त असतो, जिथे आपण हुश्श करतो.

डोळ्यांना न दिसणारा धोका म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. २०००मध्ये बोर्निओतल्या साबामध्ये झालेल्या इको-चॅलेंज शर्यतीत ३०४ स्पर्धक होते. नंतर ज्या १८९ जणांशी संपर्क झाला त्यांतल्या ८० जणांची लक्षणं या आजाराच्या निकषात बसली, आणि सेगामा नदीत पोहणं हे त्याचं ठळक कारण निघालं. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन घ्यायचं का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मलेरियाची गोळी आणि रेबीजची लस यांचाही विषय त्याच भेटीत काढा. आफ्रिकेतल्या संथ पाण्यात बिलहार्झिया, म्हणजे कातडीतून शिरणाऱ्या कृमींचा आजार, असतो, तिथून आल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी लागते. जखम छोटी असली तरी रोज रात्री धुऊन, कोरडी करून झाका. पिण्याचं गढूळ पाणी रात्रभर निवळू द्या आणि मगच गाळा, नाहीतर गाळणी दोन दिवसांत तुंबते.

परत आल्यावर

कयाक, दोर, बूट स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, म्हणजे एका नदीतले जीव आणि बिया दुसऱ्या नदीत जाणार नाहीत. वाटेत टिपलेल्या नोंदी, म्हणजे तारीख, पाण्याचा अंदाज, सुटकेच्या वाटा आणि वळशाची बाजू, ताज्या असतानाच लिहून काढा. धबधब्याचे फोटो सगळेच टाकतात, वळसा डाव्या काठाने घ्यायचा की उजव्या हे कुणी लिहीत नाही.

आणि महिनाभर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं याकडे लक्ष ठेवा. लेप्टोस्पायरोसिस उघड व्हायला ३० दिवसही लागू शकतात, मलेरियाला त्याहूनही जास्त. डॉक्टरांकडे गेल्यावर ते विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा: कोणत्या देशात, कोणत्या नदीत, किती दिवस पाण्यात होतो आणि कोणत्या गोळ्या घेतल्या.